यंदा कोण जिंकणार? आधी स्पर्धा पाहा

चंद्रपूर शहरात ‘बंगाली कॅम्प’ नावाचा भाग आहे. पूर्व पाकिस्तानातून उठून आलेल्या निर्वासित कुटुंबांना साठच्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जागा मिळाली. काही कुटुंबं शहराच्या कडेला राहिली, बरीचशी आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी, मुलचेरा भागात जंगलाकाठी वसली. दुर्गापूजा आणि माशांची आवड यांच्यासोबत फुटबॉलचं वेडही आलं. म्हणून विदर्भाच्या या टोकाला, जिथं दिवाळी सरली की गावोगावी कबड्डीचे सामने आणि बैलजोड्यांचे शंकरपट भरतात, तिथं पानठेल्यावर मोहन बागान की ईस्ट बंगाल हा वादही रंगतो. कोलकात्यात ईस्ट बंगाल जिंकला की हिल्सा आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी शिजते, अशी रीत सांगतात. इथं माजी मालगुजारी (मामा) तलावातल्या रोहूवर भागवावं लागतं, पण त्वेष तोच.

ईस्ट बंगालवाल्यांच्या भात्यातला सगळ्यात जुना बाण म्हणजे १३ जुलै १९९७. फेडरेशन चषकाची उपांत्य फेरी, सॉल्ट लेक स्टेडियम, सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षक. अमल दत्तांच्या मोहन बागानची ‘डायमंड’ व्यूहरचना तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. हा संघ जिंकणार हे जणू ठरलेलंच होतं. खुद्द दत्तांनी सामन्याआधी प्रतिस्पर्ध्यांची टिंगल केली होती. पी. के. बॅनर्जींच्या ईस्ट बंगालनं तो सामना ४-१ असा जिंकला, आणि ज्या बायचुंग भुतियाची टिंगल झाली होती त्यानं तीन गोल मारले. आज पंचविशीतला पोरगाही हा सामना स्वतः पाहिल्यासारखा सांगतो.

आता पानठेल्यावरचा वाद नीट ऐका. तो बहुतेक वेळा माणसांवर चालतो. यांचा गोलकीपर भारी, त्यांचा स्ट्रायकर जखमी, याचा प्रशिक्षक परदेशी. “भाऊ, यंदा बागानच, लिहून ठेव!” संघ चांगला की वाईट यावर तासभर खल होतो. पण चांगल्या संघाला जिंकू देण्याची त्या स्पर्धेची कुवत किती, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते अर्धं उत्तर तिथंच असतं. फुटबॉल हा खेळ आणि त्याच्या स्पर्धांची रचना, दोन्ही चांगल्या संघाला फारशी दयामाया दाखवत नाहीत.

कारण गोल कमी होतात. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. म्हणजे दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सरासरी २.७ सुद्धा नाहीत. नव्वद मिनिटं बावीस माणसं धावणार आणि निकाल दोन-तीन घटनांवर लागणार. एक चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, एक पेनल्टी मिळाली, बचावपटूच्या पायाला लागून चेंडूनं दिशा बदलली, की सगळा हिशेब फिरला.

अशा विरळ घटनांचं गणित एका वेगळ्याच जागी तपासलं गेलं होतं. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या घोडदळात दरवर्षी काही सैनिक घोड्याची लाथ बसून मरत. लाडिस्लाउस बोर्टकिएविच या अभ्यासकानं १८९८ मध्ये दहा तुकड्यांच्या वीस वर्षांच्या नोंदी, म्हणजे एकूण २०० वर्षनोंदी, मांडल्या. त्यांत मृत्यू १२२, सरासरी वर्षनोंदीला ०.६१. फ्रेंच गणिती सिमेओं पॉयसाँ यांच्या सूत्रात ही सरासरी घातली, तर एकही मृत्यू न झालेल्या नोंदी १०९ च्या आसपास असायला हव्यात असं उत्तर येतं. प्रत्यक्षात त्या १०९ च होत्या. लाथ कधी बसेल आणि कोणाला बसेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. पण ‘एकही नाही’, ‘एक’, ‘दोन’ अशा नोंदी किती निघतील हे सूत्र जवळजवळ अचूक सांगत होतं. फुटबॉलचे गोल बऱ्याच अंशी याच चालीनं चालतात. पुढचा गोल कोणत्या मिनिटाला होईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही, पण सरासरी माहीत असेल तर शंभर सामन्यांचा ताळा बसतो.

हे गणित आपल्या वादाला लावू. समजा एक संघ दुसऱ्यापेक्षा दुप्पट चांगला आहे: तो सामन्याला सरासरी १.८ गोल मारतो, दुसरा ०.९. व्यावसायिक फुटबॉलमध्ये एवढी तफावत म्हणजे पुष्कळ झाली. पॉयसाँच्या सूत्रानं असे शंभर सामने मांडले, तर चांगला संघ जिंकतो ५९, बरोबरी होते २३ आणि तो हरतो १८. दुप्पट चांगला असूनही शंभरातले ४१ सामने तो जिंकत नाही! म्हणजे दर पाच-सहा सामन्यांमागे एकदा कमकुवत संघाचे समर्थक फटाके वाजवणार, आणि ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’ म्हणणार.

गोलांची संख्या दहापट केली, म्हणजे १८ विरुद्ध ९, तर काय होतं? तफावतीचं प्रमाण तेच, दुप्पट. पण आता कमकुवत संघ शंभरात जेमतेम तीन-चार सामने जिंकतो. गुण जितके जास्त वेळा मिळतात, तितकी नशिबाची लुडबुड आपसात कटून जाते आणि ताकद वर येते. कबड्डीत नेमकं हेच घडतं. प्रो कबड्डीत एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर गुण सहज होतात. एका चढाईत पाय घसरला तर एक गुण गेला. पुढच्या अर्ध्या मिनिटात तो परत मिळवता येतो. फुटबॉलमध्ये गेलेला गोल परत मिळवायला तास लागतो, आणि कधी मिळतच नाही. अर्थात कबड्डीतही लोण चढला, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद झाला, की दोन गुण जादा मिळतात आणि सामना एका बाजूला झुकतो, त्यामुळे तिथला प्रत्येक गुण सुटा मानता येत नाही. शिवाय वरच्या दर्जाच्या कबड्डीत कोणताही संघ दुसऱ्याच्या दुप्पट नसतो. तरी गावच्या मैदानावर रात्री दिव्यांखाली सामने पाहणारा माणूस मध्यंतरालाच निकाल सांगून घरी जेवायला जातो आणि बहुधा बरोबर ठरतो. फुटबॉल पाहणाऱ्याला अशी चैन नाही.

शंकरपट तर याच्याही पुढचा. तिथं बैलजोडी घड्याळाशी पळते, सेकंदाचे तुकडे मोजले जातात. वेगवान जोडी बुजली किंवा धावपट्टी सोडून गेली तरच हरते. मंद जोडीला नशिबानं वेग येत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पट बंद केले, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली सात-आठ वर्षं पटाचे जाणकार रिकामे होते. त्यांतले किती जण तेवढ्या काळात फुटबॉलचे जाणकार झाले ते मला ठाऊक नाही, पण वाद घालण्याची शैली ओळखीची वाटते.

आता स्पर्धेची रचना. लीग म्हणजे प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, गुण साठवायचे, शेवटी ज्याचे जास्त तो अव्वल. बाद फेरी म्हणजे हरलात की घरी. पहिली रचना ताकद मोजते, दुसरी नाट्य घडवते. इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०२४-२५ पर्यंत दोन्ही एकाच हंगामात करत होती. साखळीत अव्वल येणाऱ्याला ‘लीग शील्ड’ मिळायची, नंतरच्या बाद फेऱ्या जिंकणाऱ्याला चषक. शील्ड २०१९-२० पासून सुरू झाली. तिथपासून २०२४-२५ पर्यंतचे सहा हंगाम पाहा. शील्ड अनुक्रमे एफसी गोवा, मुंबई सिटी, जमशेदपूर, मुंबई सिटी, मोहन बागान, मोहन बागान यांच्याकडे गेली. चषक गेला एटीके, मुंबई सिटी, हैदराबाद, एटीके मोहन बागान (म्हणजे मोहन बागानच), मुंबई सिटी आणि मोहन बागान यांच्याकडे. दोन्ही एकाच संघाकडे फक्त दोनदा: २०२०-२१ मध्ये मुंबई सिटी, २०२४-२५ मध्ये मोहन बागान. बाकी चार वेळा हंगामभर सगळ्यांत चांगला खेळलेला संघ चषकाविना घरी गेला.

एफसी गोव्याची २०१९-२० ची गोष्ट सगळ्यांत जिव्हारी लागणारी. साखळीत अव्वल, अंतिम सामना मडगावच्या फातोर्ड्याला म्हणजे घरच्याच मैदानावर ठरलेला. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात चेन्नईत चेन्नईयिनकडून ४-१ अशी हार झाली. परतीच्या सामन्यात गोव्यानं ४-२ असा विजय मिळवला, पण एकूण गोल ६-५ असे चेन्नईयिनच्या बाजूनं. एका गोलानं हंगाम गेला. मग १४ मार्च २०२० रोजी फातोर्ड्यावर अंतिम सामना झाला तो एटीके आणि चेन्नईयिन यांच्यात, आणि तोही करोनामुळे रिकाम्या गॅलऱ्यांपुढे. गोव्याचे लोक ना संघ म्हणून आत होते, ना प्रेक्षक म्हणून.

यात कोणी दगा दिला नव्हता. हिशेब साधा आहे. अव्वल संघाला चषकासाठी दोन अडथळे पार करावे लागत, उपांत्य फेरी आणि अंतिम सामना. प्रत्येक अडथळ्यावर त्याची शक्यता ६५ टक्के धरली, आणि तीही उदार मनानं, तर दोन्ही पार करण्याची शक्यता ०.६५ गुणिले ०.६५, म्हणजे ४२ टक्के. म्हणजे ‘सगळ्यांत चांगला संघ चषक जिंकेल’ या विधानापेक्षा ‘जिंकणार नाही’ हे विधान जास्त वेळा खरं ठरतं. पेनल्टी शूटआउटपर्यंत गेलं तर ६५ सुद्धा उरत नाहीत. २०२२-२३ मध्ये अव्वल ठरलेल्या मुंबई सिटीला बंगळुरूनं उपांत्य फेरीत शूटआउटमध्येच ९-८ असं गारद केलं. याउलट, प्रो कबड्डीच्या सातव्या ते अकराव्या अशा पाच हंगामांत साखळीत अव्वल आलेल्या संघानं तीनदा विजेतेपद मिळवलं: जयपूर, पुणेरी पलटण आणि हरियाणा. पाचात तीन आणि सहात दोन, एवढ्या तुटपुंज्या आकड्यांवरून मोठं काही सिद्ध होत नाही, पण दिशा गणिताशी जुळते.

विश्वचषकाची रचना या बाबतीत बरीच शहाणी आहे. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी, सलग ३६ सामने न हरलेल्या अर्जेंटिनाला सौदी अरेबियानं २-१ असं हरवलं. पहिली फेरी गटसाखळीची होती म्हणून मेस्सीच्या संघाला सावरायला दोन सामने मिळाले आणि २६ दिवसांनी चषक त्यांच्याच हातात होता. पहिल्याच दिवसापासून बाद फेरी असती, तर मेस्सीला विश्वचषक मिळालाच नसता आणि आपण त्या पराभवावर मोठमोठे सिद्धांत मांडले असते. उलट बाजूनं २००४ च्या युरो स्पर्धेतला ग्रीस पाहा. संपूर्ण स्पर्धेत सात गोल. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम तिन्ही सामने १-० नं जिंकले. गोल जितके कमी होऊ द्याल तितका दुबळ्याला वाव जास्त, हे त्यांच्या जर्मन प्रशिक्षकाला, ओटो रेहागेलना, पुरतं समजलं होतं. ग्रीस कंटाळवाणा खेळतो म्हणून तेव्हा युरोपभर ओरड झाली. दुबळ्यानं शहाण्यासारखं खेळायचं ठरवलं की ते असंच दिसतं.

मग लीगमध्ये तरी खात्री असते का? बऱ्यापैकी, पण पुरती नाही. वरच्या उदाहरणातला दुप्पट चांगला संघ सामन्याला सरासरी दोन गुण कमावतो, म्हणजे २४ सामन्यांत ४८. पण निव्वळ योगायोगानं हा आकडा सहा गुणांनी वर किंवा खाली सहज जातो, कधी त्याहूनही जास्त. २०२४-२५ मध्ये मोहन बागाननं २४ सामन्यांत ५६ गुण मिळवले, दुसऱ्या क्रमांकावरच्या गोव्याला ४८ मिळाले. आठ गुणांचा फरक एका संघाच्या त्या सहा गुणांच्या पट्ट्यापेक्षा थोडा मोठा आहे. बागान खरंच चांगला होता असं म्हणायला हरकत नाही. एका गुणाच्या फरकानं ठरलेल्या विजेत्याबद्दल मात्र एवढ्या ठामपणे बोलता येत नाही.

असा विजेता आपण पाहिलाय, तोही डोंगर-जंगलातून आलेला. २०१६-१७ ची आय-लीग (जुन्या राष्ट्रीय लीगचा पुढचा अवतार) मिझोरामच्या आयझॉल एफसीनं ३७ गुणांनी जिंकली. मोहन बागानचे ३६. गंमत म्हणजे आदल्या हंगामात आयझॉल खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यानं जागा रिकामी झाली आणि त्याला परत घेतलं गेलं. प्रशिक्षक होते खालिद जमील, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचे जुने खेळाडू. आदल्याच वर्षापर्यंत मुंबई एफसीचं काम पाहणारे आणि पुढे २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेले. त्या हंगामाच्या सुरुवातीला आयझॉलचं नाव घेणाऱ्याला लोकांनी खर्रा जास्त झाला असं म्हटलं असतं. इंग्लंडमध्ये वर्षभर आधी लेस्टर सिटीनं हेच केलं होतं. सट्टेबाजांनी त्यांना ५००० ला १ असा भाव दिला होता आणि ते ८१ गुणांसह, दुसऱ्यापेक्षा दहा गुणांनी पुढे राहून जिंकले. लेस्टर आणि आयझॉल यांना एका माळेत ओवतात ते मला पटत नाही. दहा गुणांची आघाडी ही योगायोगाची भेट नसते. तिथं सट्टेबाजांचा भावच चुकला होता. आयझॉलच्या यशात मेहनत होती, हिंमत होती, आणि एका गुणाची कृपाही होती. यानं त्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

लांब पल्ल्याचं भाकीत करायचं असेल तर खेळाडूंच्या नावांपेक्षा तिजोरी पाहावी. अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांच्या अनेक वर्षांच्या हिशेबांवरून दाखवलं की क्लब पगारावर किती खर्च करतो यावरून त्याचं लीगमधलं स्थान बरंचसं सांगता येतं. आपल्याकडचा दाखला गोव्याचा. २००७-०८ ते २०१२-१३ अशी आय-लीगची पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात गेली: डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, डेम्पो, साळगावकर, डेम्पो, चर्चिल. एवढ्याशा राज्याची ही मक्तेदारी पोर्तुगीज वारशावर आणि रक्तातल्या खेळावर ढकलण्याची पद्धत आहे. खेळाची परंपरा होतीच, पण डेम्पो आणि साळगावकर ही लोहखनिजाच्या व्यवसायातली घराणी होती हेही विसरू नये. जमशेदपूरच्या संघामागे टाटा स्टील आहे, १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या जेसीटीमागे फगवाड्याची कापड गिरणी होती. खाण, गिरणी, पोलाद यांच्या सावलीत भारतीय फुटबॉल वाढला. कोळसा, सिमेंट, कागद, वीज यांपैकी चंद्रपूर जिल्ह्यात काय नाही? तरीही राष्ट्रीय लीगच्या वरच्या गटात विदर्भाचा क्लब कधी दिसला नाही. नागपुरात विजय बारसेंनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल उभा केला, त्यावर नागराज मंजुळेंनी ‘झुंड’ काढला. पण तो वेगळ्या पातळीवरचा संघर्ष. इथला चाहता संघ उसना घेतो: कोणी कोलकात्याचा, कोणी मुंबईचा, कोणी थेट मँचेस्टरचा.

उसना संघ असल्यानं इथला माणूस निदान निष्पक्ष अंदाज बांधेल असं वाटेल. तसं होत नाही. कोल्हापूरकराची गोष्ट समजू शकते. तिथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी म्हणजे स्वतःची गल्ली, स्वतःचे चुलतभाऊ. शाहू स्टेडियमवर तिथं अंदाज बांधत नाहीत, अब्रू पणाला लावतात. पण माणूस उसन्या संघावरही तितकाच जीव लावतो, आणि एकदा जीव लावला की आठवणीही निवडून ठेवतो. ईस्ट बंगालवाल्याला १९९७ चा सामना पाठ असतो. त्याच संघानं २००३-०४ नंतर दोन दशकं राष्ट्रीय लीग जिंकली नाही हे आठवायला त्याला वेळ लागतो.

घरच्या मैदानाचा मुद्दा वादात नेहमी येतो, आणि तो खरा आहे. मात्र कारण लोकांना वाटतं तेवढं रोमँटिक नाही. करोनाच्या काळात प्रेक्षकांविना सामने झाले तेव्हा संशोधकांना आयतीच प्रयोगशाळा मिळाली. युरोपात घरच्या संघाचा फायदा कमी झाला, आणि पाहुण्या संघाला दाखवली जाणारी पिवळी कार्डंही कमी झाली. म्हणजे गर्दीचा आवाज खेळाडूंच्या पायांपेक्षा पंचांच्या शिट्टीवर जास्त चालत असावा. आयएसएलचा २०२०-२१ चा हंगाम तर पूर्ण गोव्यातल्या तीन मैदानांवर झाला, म्हणून त्या वर्षी मुंबई सिटीनं मिळवलेल्या दुहेरी यशाला घरच्या मैदानाची टेकण नव्हती. त्या हंगामाचा हिशेब मला म्हणूनच सगळ्यांत स्वच्छ वाटतो.

एकट्या तज्ज्ञापेक्षा पानठेल्यावरचे दहा जण मिळून बरं भाकीत करतील का? करू शकतील. १९०६ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या गुरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं कापून साफ केलेलं वजन किती भरेल याची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांनी भरलेल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध आलेला अंदाज १२०७ पौंड होता, प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड. एका टक्क्याहून कमी चूक. आपल्याकडच्या पटाच्या शौकिनांनी जनावर पाहून असा अंदाज बांधला तर मला नवल वाटणार नाही. पण प्लिमथच्या अंदाजांमागे एक अट होती: प्रत्येकानं आपली चिठ्ठी स्वतंत्र भरली होती. ठेल्यावर असं होत नाही. ज्याचा आवाज मोठा तो आधी बोलतो, उरलेले त्याच्याभोवती फिरतात, आणि दहा डोक्यांचं एकच डोकं होतं. शहाणपण हवं असेल तर तोंड उघडण्याआधी प्रत्येकानं आकडा कागदावर लिहावा.

आकडा देणारी यंत्रणाही तयार आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी गुणांकनाची एक पद्धत काढली. जागतिक संघटनेनं ती १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या गुणांकनात २०० चा फरक असेल तर वरचा खेळाडू शंभरात सुमारे ७६ गुण मिळवेल असं ती सांगते. बलाढ्याला हरवलं तर गुणांकन खूप वाढतं, दुबळ्याला हरवलं तर जेमतेम. फिफानं २०१८ पासून पुरुष संघांची क्रमवारी याच धर्तीवर काढायला सुरुवात केली. या पद्धतीची खुबी अशी की ती कोणाचं नाव, जर्सी, इतिहास बघत नाही, फक्त निकाल बघते. ठेल्यावर ती कोणाला आवडणार नाही हे उघड आहे.

तरी शेवटी भाकीत करणाराही मोजायला हवा. इथं अमेरिकी हवामान खात्यातल्या ग्लेन ब्रायर यांची १९५० मधली युक्ती कामी येते. पावसाचे अंदाज तपासण्यासाठी त्यांनी ती काढली. नियम सोपा: नुसतं ‘अमुक जिंकेल’ म्हणायचं नाही, किती टक्के ते सांगायचं. निकालानंतर आपला आकडा सत्यापासून किती लांब पडला ते पाहायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा आणि तो दंड म्हणून लिहायचा. ७० टक्के म्हणालात आणि तो संघ जिंकला, तर अंतर ०.३, दंड ०.०९, सोयीसाठी शंभरपट करून ९ धरू. हरला तर अंतर ०.७, दंड ४९. शंभर टक्के म्हणालात आणि जिंकला तर दंड शून्य, हरला तर पूर्ण १००. काहीच कळत नाही म्हणून दरवेळी ५० टक्के सांगणाऱ्याला प्रत्येक सामन्याला २५.

समजा दहा बाद सामने आहेत आणि प्रत्येकात वरचढ संघाची खरी शक्यता ७० टक्के आहे. त्यांतले सात तो जिंकला, तीन हरला. दरवेळी ७० टक्के सांगणाऱ्याचा दंड सात वेळा ९ आणि तीन वेळा ४९, एकूण २१०. ‘मला काय कळतं बाप्पा, पन्नास-पन्नास’ म्हणणाऱ्याचा २५०. आणि दरवेळी वरचढ संघावर शंभर टक्के बोट ठेवून “लिहून ठेव!” म्हणणाऱ्याचा ३००. त्यानं दहातले सात विजेते बरोबर ओळखले, तरीही ज्यानं एकही ओळखायचा प्रयत्न केला नाही त्याच्यामागे तो पन्नास गुणांनी पडला.